उजनीच्या खोल पाण्यातला शिकारी : शिवडा

शिवडा हा गोड्या पाण्यातला मासा. तरीही खोल समुद्रातल्या शिकारी माशांची काही लक्षणे त्याच्यात दिसतात: अवाढव्य जबडा, आत वळलेले दात आणि डोळ्यांवर फारसे न विसंबता भक्ष्य हुडकण्याची सोय. दोन्हीकडे शिकार अंधारातच करायची असते. अरबी समुद्रात साधारण २०० मीटरच्या खाली प्रकाश इतका मंद होतो की वनस्पतींना त्यावर जगता येत नाही. माढा तालुक्यातल्या उजनी जलाशयात एवढे खोल जाण्याची गरज नाही. पाणी गढूळ आणि शेवाळाने हिरवे असल्याने तिथे थोड्याच मीटरांत काळोख होतो.

शास्त्रात या माशाला ‘वॉलॅगो अट्टू’ म्हणतात. ब्लॉख आणि श्नायडर यांनी १८०१ मध्ये त्याचे वर्णन केले. तो मिशाळ माशांच्या सिल्युरिडी कुळातला असून अंगावर खवले नसतात. शरीर लांब आणि दोन्ही बाजूंनी चपटे, पाठीवरचा पर नावापुरता, तर पोटामागचा पर शेपटीपर्यंत पसरलेला. हा लांब पर हलवत तो फारशी खळबळ न करता पुढे सरकतो. तोंडाची फट डोळ्यांच्याही मागे जाते, त्यामुळे बऱ्यापैकी मोठा मासा तो अख्खा गिळू शकतो. जबड्यांत बारीक दातांचे दाट पट्टे असतात. ते चावण्यासाठी नसून निसटू पाहणाऱ्या भक्ष्याला अडवण्यासाठी असतात. दोन मीटरांहून लांब शिवड्यांचे उल्लेख ग्रंथांत आहेत, पण जाळ्यात येणारे बहुतेक मासे मीटरभराच्या आतलेच.

त्याची खरी हत्यारे मात्र जबड्याबाहेर आहेत. वरच्या मिशांची जोडी इतकी लांब की मागे वळवली तर पोटाच्याही पलीकडे पोचते. खालची जोडी आखूड असते. मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असल्याने पाण्यातला वास-स्वाद त्यांना आधी कळतो. वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणाऱ्या चिमुकल्या हाडांच्या साखळीमुळे ऐकू चांगले येते. अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली हालचाल टिपते, आणि मिशाळ माशांच्या कातडीतल्या सूक्ष्म संवेदी अवयवांना दुसऱ्या जिवाच्या शरीरातली क्षीण विद्युतही जाणवते. दिवसा तो तळाशी, खडकांच्या कपारीत किंवा बुडालेल्या झाडांच्या आडोशाला पडून राहतो आणि रात्री शिकारीला निघतो. लहान मासे, झिंगे, बेडूक, जे सापडेल ते खातो. शिवड्याची पिले एकमेकांनाही सोडत नाहीत. त्यांना टाक्यांत वाढवणे अवघड जाते ते यामुळेच.

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, पैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. सिंचनाच्या हिशेबात हा साठा उपयुक्त पाण्यात धरत नाहीत. खोलात राहणाऱ्या माशाला मात्र उन्हाळ्यात त्याचाच आधार. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली, म्हणजे या आश्रयाचाही मोठा भाग उपसला गेला. पाणी आटले की मासे डोहांत गोळा होतात आणि जाळ्यांना सहज सापडतात.

पावसाळा हा विणीचा काळ. माढा-करमाळा हा अवर्षणाचा पट्टा, तेव्हा उजनी भरते ती मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसावर. पुण्याकडच्या धरणांतून सोडलेले पाणी दौंडमार्गे आले की पातळी झपाट्याने चढते आणि काठच्या गाळपेर जमिनी पाण्याखाली जातात. असे नव्याने बुडालेले, गवताळ, उथळ पाणी शिवड्याला अंडी घालायला मानवते. त्यासाठी तो खोल पाणी सोडून काठाकडे आणि ओढ्यांच्या मुखांकडे येतो. पूर उशिरा आला किंवा चढलेले पाणी लगेच उतरले, तर वीण फसण्याचा धोका असतो.

मरळ आणि मांगूर पाण्यावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. शिवड्याजवळ तसे जादा श्वसनेंद्रिय नाही. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच त्याचे सगळे चालते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून जलाशयात उतरते, आणि अशा पाण्यात प्राणवायू खालावला की मिशाळ माशांच्या चिवटपणाची ख्याती शिवड्याच्या कामी येत नाही. बारीक आसाच्या जाळ्यांत पिले वाढण्याआधीच संपतात. शिवाय बाहेरून आलेली चिलापी आता उजनीत इतकी माजली आहे की भिगवण-इंदापूरच्या बाजारात उजनीची मासळी म्हणजे बहुतेकदा चिलापीच. शिकाऱ्याला खायला चिलापीची पिले मिळतात, हे खरे. पण जागेसाठी आणि अन्नासाठी चिलापी देशी माशांना मागे रेटते, आणि शिवड्याचे नेहमीचे भक्ष्य त्यांतच असते.

आययूसीएनच्या लाल यादीत शिवडा आता ‘असुरक्षित’ वर्गात आहे. मांसात काटे कमी आणि चव चांगली, त्यामुळे मागणी कायम राहते आणि मोठे, विणीच्या वयाचे मासेच आधी उचलले जातात.