खोगीरभरतीची बाजू

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी येवल्याला घोडेबाजार भरतो. नांदगावहून येवला काही लांब नाही, त्यामुळे आमच्याकडचा घोड्यांचा शौकीन त्या दिवशी सहसा घरी सापडत नाही. बाकीचे जनावराची चाल बघतात, दात बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. मी सामानवाल्यांपाशी रेंगाळतो. तिथे लगाम, मोहरक्या, तंग, रिकिबी, दुमच्या, तोबरे मांडलेले असतात आणि त्यातच कुठेतरी एखादं जुन्या पद्धतीचं खोगीर असतं.

मूळ शब्द फारसी. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. घाम टिपणारी ही गादी चिंध्या, लोकर, कापूस असं मिळेल ते भरून शिवत. त्यावरून निरुपयोगी भरण्याला आपण ‘खोगीरभरती’ म्हणू लागलो. मला हा अन्याय वाटतो, कारण खोगिराचं सगळं कसब त्या भरतीतच आहे.

एकदा एक म्हातारा कारागीर खोगीर मांडीवर उलटं घेऊन बसला होता. डोळे मिटून तळहाताने चाचपत होता. एका जागी हात थांबला. त्याने दोन टाके उसवले, आतून बोराएवढी लोकरीची गाठ काढली, बोटांनी मोकळी केली आणि परत भरली. मी विचारलं, “बाबा, एवढ्याशा गाठीनं काय होतंय?”

“बसणाऱ्याला काही नाही होत,” ते म्हणाले. “खालच्याला होतं.”

स्वाराचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडलं पाहिजे, कणा मोकळा राहिला पाहिजे. गाठ राहिली की तेवढीच जागा रगडली जाते. आधी केस झडतात, मग सूज येते, मग जखम होते. ‘पाठ लागली’ की तो घोडा बरा होईपर्यंत कामातून गेला. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा आणि सामान दोन्ही घरचं, म्हणजे पाठ लागली की रोजीच बुडाली. 1672 साली आपल्याच जिल्ह्यात साल्हेरला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. त्या दिवशीच्या तलवारींबद्दल आपण भरभरून बोलतो. घोड्यांच्या पाठी शाबूत ठेवणाऱ्या हातांबद्दल कुणीच बोलत नाही.

घोड्याची पाठ सांभाळण्याचा हाच पेच तिबेटी लोकांनी लाकडाने सोडवला. त्यांच्या खोगिराचा सांगाडा लाकडी, पुढून-मागून उंच. श्रीमंताघरचा असेल तर त्यावर नक्षीचे लोखंडी पत्रे. खाली लोकरीचा गालिचा, वर बसायला दुसरा. गालिचे इतके देखणे की ते आज संग्रहालयांत जाऊन बसलेत. आपलं मऊ खोगीर मात्र झिजलं, फाटलं, उकिरड्यावर गेलं. कापडाचं नशीबच तसं.

आता बाजारात कातडी जिनं आणि फोमच्या गाद्या जास्त दिसतात. फोम भरायला सोपा, पण दबला की दबला. लोकर उसवून, पिंजून पुन्हा भरता येते.

बाबांनी टाके घातले, दोरा दातांनी तोडला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने खोगीर सुलटं करून आधी गोंड्यांचा रंग बघितला. बाबांनी काही न बोलता ते त्याच्या हातात पुन्हा उलटं केलं आणि त्याचा तळवा धरून अस्तरावर ठेवला.