कढीपत्त्यावरचे बहुरूपी पाहुणे

परसातल्या किंवा गॅलरीतल्या कुंडीतल्या कढीपत्त्याची पाने कुरतडलेली दिसली की बहुतेक घरांत औषध फवारले जाते. पण कुरतडणारी ती अळी पुष्कळदा ‘कॉमन मॉर्मन’ या काळ्या फुलपाखराची असते आणि तिचे निरीक्षण हा घरबसल्या जोपासता येणारा अत्यंत समृद्ध छंद आहे. मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी पाच अवस्थांतून वाढते आणि पहिल्या चार अवस्थांत हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तर शेवटच्या अवस्थेत पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचले, तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास पसरतो. शत्रूला हुसकावण्याचे हे तिचे साधन होय.

या जातीच्या काही माद्या नरासारख्या दिसतात, तर काही ‘कॉमन रोझ’ किंवा ‘क्रिमझन रोझ’ या बेचव, विषारी फुलपाखरांचे रूप घेतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. निर्धोक जीवाने घातक जीवाचे सोंग घेण्याच्या या प्रकारास, हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून 1862 मध्ये मांडलेल्या उपपत्तीमुळे, ‘बेट्सीय अनुकृती’ म्हणतात. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ‘ब्लू मॉर्मन’ याच कुळातले असून लिंबू-पपनसाच्या झाडांवर वाढते. म्हणून अशी दोन-चार झाडे लावून फवारणी टाळली, तर दोन्ही पाहुणे दारी येण्याची शक्यता वाढते.