नाटक कसें वाचावें?

आपल्या साहित्यशास्त्रानें काव्याचे दृश्य व श्राव्य असे दोन भेद करून नाटकास पहिल्यांत स्थान दिलें. त्यावरून नाटक केवळ पाहावयाचें, वाचावयाचें नव्हे, असा कित्येकांचा ग्रह होतो. उलटपक्षीं, जे वाचतात ते कथानक कळलें कीं पुस्तक मिटतात. दोघांनाही नाटक अर्धेंच भेटतें.

कादंबरीकार पात्राच्या मनांत शिरून सर्व कांहीं सांगतो. नाटककार बहुतेक बोलणेंच तेवढें देतो. तें कोणत्या स्वरांत झालें, ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर काय उमटलें, हें वाचकानेंच मनांत उभें करावयाचें असतें. म्हणून बोलणाऱ्या पात्राइतकेंच न बोलणाऱ्याकडेही लक्ष असावें. हा धडा मला शाळेंत नव्हे, घरीं मिळाला.

माझ्या लहानपणीं एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडील ओसरीवर देवलांचें ‘संगीत शारदा’ वाचीत होते. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकांत द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथास देऊं पाहतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. वडिलांनीं भुजंगनाथाचीं भाषणें अशीं कांहीं साभिनय वाचलीं कीं आम्हां मुलांची हसतां हसतां मुरकुंडी वळली. कोपऱ्यांत वाती वळीत बसलेली थोरली आत्या तेवढी हसली नाहीं. थोड्या वेळानें वातींचें तबक उचलून ती आंत गेली.

बाराव्या वर्षीं तिला एका प्रौढ बिजवरास दिली होती, हें आईनें मला पुष्कळ वर्षांनीं सांगितलें. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९२९ सालीं झाला. आत्याचें लग्न त्यापूर्वींचें. नाटकांतील विवाह सगोत्रतेच्या कारणानें ऐन वेळीं मोडतो. आत्याचा मोडला नव्हता.

पुढें शिक्षक झाल्यावर मीं या नाटकांतील उतारे अनेकदां शिकविले. संविधानक, स्वभावचित्रण, विनोद यांवरील उत्तरें मुलांकडून घोकून घेतलीं. परंतु आपण हसतों तेव्हां शारदेला काय वाटत असेल, हें एकदांही विचारलें नाहीं. त्याची खंत आज वाटते.

तरी वाचकांस विनंति अशी कीं, सुटीच्या दिवसांत घरांतील लहानथोरांनीं पात्रें वांटून घेऊन एखादें नाटक मोठ्यानें वाचावें. सासूसुनांनाही त्यांत घ्यावें. अंक संपतांच गुणदोषांची चर्चा सुरू करूं नये, क्षणभर थांबावें. शास्त्रकारांनीं रसिकास ‘सहृदय’ म्हटलें आहे. तें हृदय पुस्तकातल्या पात्रांपुरतें न ठेवतां शेजारीं बसून ऐकणाऱ्या माणसाकडेही वळावें, एवढेंच सांगणें.