परभाषेच्या उंबरठ्यावरील आन्तोनिया

विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची ‘माय आन्तोनिया’ ही कादंबरी १९१८ सालीं प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील असंख्य कुटुंबें नेब्रास्काच्या गवताळ माळावर शेती करण्यास आलीं. कॅथर स्वतः १८८३ सालीं, नऊ वर्षांच्या असतांना, व्हर्जिनियाहून तेथें गेल्या आणि परदेशीय शेजाऱ्यांचें जीवन त्यांनीं जवळून पाहिलें. त्या अनुभवांतून ही कथा जन्मास आली.

चौदा वर्षांची आन्तोनिया शिमेर्दा आईबाप व भावंडांसह बोहेमियाहून या माळावर येते. इंग्रजी त्यांच्यापैकीं जवळजवळ कोणासच येत नाहीं. ज्या देशबांधवाकडून तीं जमीन विकत घेतात, तोच त्यांचा एकमेव दुभाषी. तो वाजवीहून अधिक किंमत घेतो आणि तो सांगेल तें खरें मानण्यावांचून त्यांस गत्यंतर नसतें. राहावयास मिळतें तें उतारांत खणलेलें एक भुयार. भाषेचें अज्ञान मनुष्यास कसें नागवितें, हें येथें स्पष्ट दिसतें. वृद्ध शिमेर्दा हें जाणतो. इंग्रजी व बोहेमियन वर्णमालांचें एक पुस्तक शेजारच्या जिम बर्डनच्या आजीच्या हातीं देऊन, माझ्या मुलीस शिकवा, अशी तो कळकळीनें विनवणी करितो.

परंतु व्यवसायानें विणकर आणि वृत्तीनें वादक असलेला हा मनुष्य पहिल्याच हिवाळ्यांत आत्महत्या करितो. वसंत ऋतु येतो, शाळा उघडते; जिम शाळेंत जातो, आन्तोनिया नांगर धरिते. आपण पुरुषांइतकें काम करितों, असें ती अभिमानानें सांगते, आणि लगेच तिचे डोळे भरून येतात. शाळेंत शिकलेल्या चांगल्या गोष्टी मलाही सांगत जा, एवढेंच ती जिमजवळ मागते. तिचें बाळपण संपतें तें याच क्षणीं.

पुढें ती गांवांत स्वयंपाकाच्या चाकरीस राहते. लग्नाचें वचन देणारा एक रेल्वे कर्मचारी तिला डेन्व्हर शहरीं टाकून देतो. ती गरोदर स्थितींत घरीं परतते, पुन्हा शेतांत राबते. पण जन्मलेल्या मुलीचें छायाचित्र सोनेरी चौकटींत लावण्यास ती लाजत नाहीं. दुःखानें ती कडवट होत नाहीं, हीच तिची खरी वाढ होय.

वीस वर्षांनीं वकील झालेला जिम तिला भेटावयास येतो. त्याला शिक्षण मिळालें, प्रतिष्ठा मिळाली. मात्र संसारसुख त्याच्या वांट्यास आलें नाहीं. आन्तोनियाचे दांत पडले आहेत, केस पिकले आहेत. तथापि कुझाक नांवाच्या देशबांधवाशीं केलेल्या संसारांत मुलाबाळांनीं तिचें घर भरलें आहे. घरीं बोहेमियन भाषाच चालते. मुलें इंग्रजी शिकतात तीं शाळेंत गेल्यावर. जी शाळा तिला लाभली नाहीं, ती तिच्या मुलांना लाभली. आणि जी भाषा बापाबरोबर पुरली जावयाची, ती टिकून राहिली. आजोबांचें व्हायोलिन आतां तिचा मुलगा वाजवितो.

स्थलांतरिताची प्रगति बहुधा त्यानें मिळविलेल्या धनावरून वा पदावरून मोजली जाते. कॅथर यांनीं वेगळें माप वापरलें आहे: नव्या भूमींत मूळ धरितांना मनुष्यानें जुन्यापैकीं काय जिवंत राखिलें, आणि पुढच्या पिढीच्या हातीं काय दिलें? या मापानें पाहतां शाळेस मुकलेली आन्तोनिया कोणाहूनही उणी ठरत नाहीं.