नारळ फुटला म्हणजे काम सुरू झाले का?

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. मूळ प्रशासकीय मान्यता होती 372 कोटी रुपयांची. पुढे हा आकडा 18 हजार कोटींच्या वर गेला आणि कालव्यांची, वितरिकांची कामे तीन दशके उलटल्यावरही चालूच राहिली. अशी बातमी वाचली की दोनच निदाने ऐकू येतात. लोक म्हणतात, पैसे खाल्ले. अधिकारी म्हणतात, महागाई वाढली.

दोन्ही निदाने अपुरी आहेत. महागाईचाच हिशेब करू. भाव दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढले असे धरले तर 35 वर्षांत एक रुपयाच्या कामाला पावणेअकरा रुपयांच्या आसपास लागतात. म्हणजे 372 कोटींचे झाले सुमारे चार हजार कोटी. उरलेले 14 हजार कोटी महागाईच्या खात्यावर टाकता येत नाहीत. गोसीखुर्दच्या कामांबाबत चौकशा झाल्या, गुन्हेही दाखल झाले, त्यामुळे लोकांचा संशय निराधार नव्हता. पण सगळी वाढ त्या एका कारणाने झाली, असे म्हणणेही खरे नाही.

जलसंपदा खात्यात खर्च वाढला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘सुप्रमा’, घ्यावी लागते. त्या प्रस्तावात वाढीची कारणे वेगवेगळी मांडलेली असतात : दरसूचीतील बदल, भूसंपादनाचा वाढीव खर्च, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी. यातले शेवटचे कारण सर्वांत आधी वाचावे. अपुऱ्या तरतुदी याचा अर्थ, जे काम लागणारच होते ते मूळ अंदाजपत्रकात धरलेलेच नव्हते किंवा कमी धरले होते. आकडा लहान दिसला की मान्यता लवकर मिळते. एकदा भिंत उभी राहिली की काम सोडून देता येत नाही, मग खरा आकडा हप्त्याहप्त्याने बाहेर येतो. माझ्या मते मोठ्या प्रकल्पांचे सर्वांत मोठे नुकसान या सवयीने होते, आणि ते पहिली कुदळ पडण्याआधीच झालेले असते.

हे फक्त आपल्याकडेच घडते, हाही गैरसमजच. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी जगभरातल्या 16 हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती गोळा केली. ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत पुरे झालेले निघाले अवघे साडेआठ टक्के.

“भूमिपूजन झाले, आता जमीन ताब्यात आहे”

बहुतेक वेळा ती नसते. जमीन मिळण्यात काय काय आडवे येते ते एका गटावर बघू. रस्त्याच्या आखणीत अडीच एकर शेत येते. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, त्यांना जाऊन वीस वर्षे झालेली, वारस नोंद कधी झालेलीच नाही. दोन मुलगे, तीन मुली, त्यांतली एक सुरतेला. वाटणी तोंडी. सोसायटीचा बोजा चढवलेला, फेडला तरी कमी न केलेला. शेतात विहीर आहे, पण सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. बांधावर सागाची झाडे. संयुक्त मोजणीच्या दिवशी भूकरमापक, तलाठी, कृषी, वन आणि बांधकाम खात्यांची माणसे आली तरी यातल्या प्रत्येक गोष्टीचे वेगळे मूल्यांकन लागते. मग निवाडा, मग मोबदला, आणि भावंडांत तंटा असेल तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा. अशा हजारो गटांतून रस्ता जातो.

कंत्राटदाराला 40 किलोमीटरपैकी 36 किलोमीटर जागा मिळाली की कागदावर 90 टक्के भूसंपादन दिसते. पण राहिलेले 4 किलोमीटर दहा ठिकाणी विखुरलेले असतील तर भराव सलग टाकता येत नाही, पूल एका बाजूने अडकून पडतो, यंत्रे उभी राहतात आणि उभ्या यंत्रांची भरपाई कंत्राटदार मागतो. भूसंपादनाची टक्केवारी विचारून काही कळत नाही. सलग किती जागा मिळाली, ते विचारायला हवे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची 701 किलोमीटर जागा मुख्यतः थेट खरेदीने, चढ्या मोबदल्यात घेतली गेली. विरोध तिथेही झाला, तरी खरेदीखत झाल्यावर पैसे खात्यात येतात हे दिसू लागल्यावर वेग आला. पहिला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 मध्ये.

“डोंगर फोडणे सर्वांत अवघड”

कोकण रेल्वेने हे खोटे ठरवले. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन प्रमुख होते, उद्दिष्ट होते पाच वर्षांचे. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर मार्ग, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल आणि 90 हून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा कठीण खडकातला. असा खडक सुरुंगाने फुटतो आणि फोडल्यावर उभाही राहतो. खरी परीक्षा घेतली ती मऊ मातीच्या बोगद्यांनी, आणि त्यांत गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, पण आत पाण्याने भिजलेली चिकणमाती. जेवढे खोदावे तेवढे वरून कोसळे. त्यात गोव्यातल्या आखणीवरून आंदोलन झाले आणि काम थांबले, ते वेगळेच. अखेर 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला. पेडण्याच्या बोगद्याने आजही उसंत दिलेली नाही. 2020 च्या पावसाळ्यात तिथली भिंत ढासळली, जुलै 2024 मध्ये आत पाणी शिरून गाड्या बंद ठेवाव्या लागल्या.

म्हणून आखणी ठरण्याआधी जागोजाग बोअर घेऊन जमिनीखालचे नमुने तपासायचे असतात. या कामाचे फोटो कुणी काढत नाही, त्याचे उद्घाटनही होत नाही. काटछाट मात्र आधी याच खर्चात होते.

जास्त यंत्रे लावली की काम लवकर होते, या समजुतीला मुंबईच्या मेट्रो-3 चे उदाहरण पुरे आहे. 33.5 किलोमीटरचा भुयारी मार्ग खोदायला 17 यंत्रे लावली होती. पण भुयार तयार असले तरी गाड्या उभ्या करायला, तपासायला कारशेड लागते. आरेतल्या कारशेडचे काम झाडतोडीच्या वादात नोव्हेंबर 2019 मध्ये थांबले, मग जागा कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, 2022 मध्ये निर्णय पुन्हा आरेचा झाला. प्रकल्पात ज्या कामावाचून पुढचे काम अडते अशी एक साखळी असते, आणि तिच्यातली कडी अडली की बाकीच्यांनी कितीही घाई करून उपयोग नसतो. पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला. खर्च 23,136 कोटींवरून 37,276 कोटींवर गेला. झाडे महत्त्वाची की मेट्रो, हा वाद होणे गैर नव्हते. तो निविदा काढण्याआधी संपायला हवा होता.

सर्वांत कमी बोली म्हणजे बचत, हेही नेहमी खरे नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली सर्वांत कमी खासगी बोली सुमारे 3,600 कोटींची होती. राज्याने ती फेटाळली. 1996 मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने बाजारातून पैसा उभारला, काम तुकड्यांत वाटले आणि सुमारे 1,630 कोटींत 2002 मध्ये रस्ता पुरा केला. कामाची खरी किंमत काय, हे सरकारला स्वतःला माहीत होते, म्हणून ‘नाही’ म्हणता आले.

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात देणे बंधनकारक आहे आणि पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत ठेवलेला असतो. तुमच्या भागात असा प्रकल्प येत असेल तर हा सारांश मागून वाचा आणि सुनावणीला जा. काम कधी पुरे होणार हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा : बोअर किती घेतले, सलग जागा किती मिळाली, आणि अंदाजपत्रकात काय धरलेले नाही.