गळती रामेश्वरी, ओल सोमेश्वरी

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे नेमकी पाऊस सरता सरता. ताळेबंद मंजूर होईपर्यंत सभा पेंगत असते. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका मोबाइल पुढे करतात. बेडरूमच्या छताला पिवळा डाग, पोपडे सुटलेले, ओल पार पंख्याच्या हुकापर्यंत. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे, हवं तर आत्ता येऊन बघा." सेक्रेटरी म्हणतात, प्लंबरला दाखवू. प्लंबर येतो, दोन टिचक्या मारतो आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं वाक्य बोलतो: "वरची लादी फोडावी लागेल."

लादी फुटते. नवी बसते. पुढच्या जुलैत डाग पुन्हा हजर, आणि तोही हातभर सरकलेला.

पाण्याला सरळ खाली यायची सक्ती नसते, हे या भांडणात कुणी लक्षात घेत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटांत बाथरूमचा स्लॅब बहुधा बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर लादी बसवतात. नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी आधी या भरावात मुरतं. विटा पाणी पितात. त्यांचं पोट भरेपर्यंत खालच्या घराला काही कळत नाही. मग पाणी स्लॅबच्या उतारानं, एखाद्या भेगेतून किंवा वायरिंगच्या पाइपातून वाट काढतं. काकांच्या पंख्याशीच ओल का आली, तर पंख्याची वायर ज्या पाइपातून येते तो तिथं उघडतो म्हणून. (असं दिसलं तर वादविवादाआधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडून इलेक्ट्रिशियनला बोलवावं.)

फोडाफोडीच्या आधी हा माग काढायला मॉइश्चर मीटर कामाला येतो. तळहातात मावेल एवढा, टोकाला दोन टोकदार पिना, वर आकड्यांची पट्टी. साधा मीटर ऑनलाइन हजार-दीड हजारापासून मिळतो. आत जादू काहीच नाही. दोन पिनांच्या मधून अगदी किंचित वीज सोडायची आणि तिला किती अडथळा होतो ते मोजायचं. कोरडं लाकूड वीज जवळपास अडवूनच धरतं, ओलं लाकूड जाऊ देतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथं सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळा आहे. तिथल्या आल्फ्रेड स्टॅम यांनी १९२७ साली लाकडातलं पाणी आणि विजेचा अडथळा यांचं नातं मांडलं. पाणी थोडं वाढलं की अडथळा थोडाथोडका कमी होत नाही, कित्येक पटींनी कोसळतो. म्हणून एवढंसं यंत्रही फरक अचूक पकडतं. लाकडाच्या व्यापाऱ्यांना असंच काहीतरी हवं होतं. तोवर ओलावा मोजायचा तर नमुना कापून भट्टीत वाळवा आणि आधीचं-नंतरचं वजन ताडून पाहा, एवढाच मार्ग होता, आणि त्यात दिवस जायचा.

या जन्मकथेतच मीटरचा मोठा गुण आहे आणि मोठी खोडही. तो लाकडासाठी बनला, त्याचे आकडे लाकडाचे. सागवानी चौकटीत पिना रुतवल्या आणि १२ आला, तर त्याला अर्थ आहे: शंभर ग्रॅम कोरड्या लाकडामागे बारा ग्रॅम पाणी. तेही लाकडाची जात मीटरवर बरोबर निवडली असेल तर. २० च्या खाली लाकूड सहसा कुजत नाही. तिशीच्या आसपास गेलं की बुरशीचं फावतं. पण त्याच पिना गिलाव्याला टेकवल्या आणि २५ आला, तर भिंतीत २५ टक्के पाणी आहे असं मुळीच नाही. चांगला भिजलेला सिमेंटचा गिलावासुद्धा वजनाच्या मानानं त्याहून फार कमी पाणी धरतो. मीटर एवढंच सांगतो, की या गिलाव्यातून वीज २५ टक्के ओल्या लाकडासारखी वाहते आहे. भिंतीवर आकडा नुसता वाचायचा नसतो, शेजारच्या आकड्याशी ताडायचा असतो. ही एक गोष्ट कळली की मीटर अर्धा वापरता आला.

गंमत म्हणजे शहरातल्या फ्लॅटवाल्याला हे यंत्र नवलाचं वाटतं, पण लातूर-अकोल्याकडच्या शेतकऱ्याला त्याचा चुलतभाऊ चांगलाच ठाऊक आहे. सोयाबीन हमीभावानं घालायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ही मर्यादा १५ वर नेली, तेव्हा ती बातमी पहिल्या पानावर होती. "मॉइश्चर किती आलं?" हा बाजार समितीतला रोजचा प्रश्न आहे, आणि यंत्र कुणाच्या हातात आहे यावर उत्तर ठरतं अशी कुजबुजही नवी नाही.

घरातही उत्तर यंत्र कुणाच्या हातात आहे यावरच ठरतं. भिंतीत क्षार असले की पिनांचा मीटर ओलीपेक्षा जास्त ओरडतो. समुद्राची रेती, मचूळ पाणी, जमिनीतून वर चढलेले क्षार, कारण कुठलंही असो. लोणा लागलेल्या भिंतीवर पांढरी पूड दिसते ती या क्षारांचीच. हे क्षार हवेतली आर्द्रताही ओढतात, त्यामुळे मूळ गळती बंद झाल्यावरही आकडा चढाच राहतो. वॉटरप्रूफिंग विकायला आलेला माणूस नेमक्या अशा जागी पिना टेकवतो, लाल दिवा लागतो, पीं वाजतं, आणि घरचे चेक फाडतात. ब्रिटनमध्ये यावर जुना वाद आहे. जमिनीतून ओल चढते आहे असं नुसत्या मीटरवरून सांगायचं आणि भिंतीत रसायन टोचण्याचं काम मिळवायचं, असा आरोप तिथं वर्षानुवर्षं होत आला. तिथल्या इमारत संशोधन संस्थेचा सल्ला असा, की खात्री हवी तर भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडून चूर्ण काढा आणि वाळवून तोला. आपल्याकडे रस्त्याच्या कामावर मातीचा ओलावा पाहायला 'रॅपिड मॉइश्चर मीटर' वापरतात, तोही चालतो. बंद भांड्यात नमुना आणि कॅल्शियम कार्बाइड घालून हलवायचं. नमुन्यातल्या पाण्यामुळे ॲसिटिलीन वायू होतो, आणि त्याच्या दाबावरून पाणी कळतं. क्षारांचा इथं काही डाव चालत नाही.

दुसऱ्या जातीच्या मीटरला पिना नसतात, पाठीला एक सपाट पट्टी किंवा गोल बोंड असतं. तो भिंतीत विद्युतक्षेत्र सोडतो. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक ८० च्या घरात, तर कोरड्या लाकडाचा, विटेचा, गिलाव्याचा एक आकडी. त्यामुळे आत पाणी असलं की हे क्षेत्र बदलतं. याचा फायदा असा, की टाइल न फोडता, रंगाला भोक न पाडता साधारण दोन सेंटिमीटर आतलं कळतं. तोटा असा, की लोखंडी सळई, पाइप, कोपऱ्याची पत्र्याची पट्टी असं काहीही त्याला पाणीच वाटतं. म्हणून जाणकार दोन्ही वापरतात. आधी पट्टीवाला फिरवून संशयाची जागा शोधायची, मग पिना टेकवायच्या. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा हल्ली फार मिरवतो, पण तो पाणी दाखवत नाही, थंडावा दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनानं गार पडते हे खरं, पण एसीचा झोत लागलेली जागाही गारच असते. निळा पट्टा दिसला की तिथं मीटर लावलाच पाहिजे.

चांगला माणूस काम कसं करतो ते बघण्यासारखं असतं. तो आधी डागाकडे बघतच नाही. घरातली सगळ्यात निर्धोक भिंत शोधतो, त्याच गिलाव्याची, त्याच रंगाची, नळापासून लांबची. तिथं चार ठिकाणी पिना टेकवतो. समजा १४, १५, १४, १५ आले. हा त्या घराचा कोरडा आकडा. भर पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असताना तो मे महिन्यापेक्षा थोडा चढाच असतो, म्हणून पुस्तकातला आकडा घेऊन चालत नाही. मग डागाच्या भिंतीवर पेन्सिलीनं वीत-वीत अंतरावर खुणा, आणि प्रत्येक खुणेशी आकडा. १६, १८, २३, ३१, पुढे २४, १७. बघता बघता भिंतीवर नकाशा उमटतो. डाग एका कोपऱ्यात, पण सगळ्यात मोठे आकडे दुसरीकडेच. फरशीच्या कडेशी मोठे आणि वर चढता चढता कमी होत मीटरभर उंचीवर कोरडे, तर जमिनीकडे संशय. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरके पसरलेले, तर पावसाचा मारा; नैर्ऋत्येकडच्या भिंतींवर हा नेहमीचा. वरून खाली उभा पट्टा, तर आतला पाइप. सगळीकडे सारखाच थोडा चढा आकडा आणि कपाटामागे काळी बुरशी, तर गळती बहुधा नाहीच, खोलीला वारा नाही.

मग वरच्या बाथरूमची चाचणी. नहाणीचं तोंड बंद करायचं, दोन-तीन इंच पाणी साठवायचं आणि दिवसभर-दोन दिवस तसंच ठेवायचं. खाली त्याच पेन्सिलीच्या खुणांवर पुन्हा आकडे घ्यायचे. ३१ चे ३८ झाले तर काकूंचं काही चालत नाही. जसेच्या तसे राहिले तरी काकू लगेच सुटत नाहीत, कारण भरावातून पाणी उतरायला वेळ लागतो. पण संशय दाबाच्या पाइपाकडे, बाहेरच्या सामाईक लाइनीकडे किंवा बाहेरच्या भिंतीकडे वळतो. पैशाचा प्रश्न इथंच सुटतो किंवा चिघळतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्यानं आणि बाहेरच्या सामाईक पाइपामुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेचा. फ्लॅटच्या आतल्या बिघाडाचा ज्याचा त्याचा. तारीख टाकलेला आकड्यांचा कागद सभेत ठेवला की आवाज निम्म्यानं खाली येतो.

मीटरला एक गोष्ट अजिबात कळत नाही: ओलीनं आत काय करून ठेवलं आहे. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटला आतून ढकलते आणि एक दिवस छताचा पापुद्रा खाली येतो. तेव्हा मीटर कोरडाही दाखवत असेल. ते काम स्ट्रक्चरल ऑडिटचं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीला तीन वर्षांतून एकदा ते करायचं असतं. मीटर आहे म्हणून ऑडिट पुढे ढकलणाऱ्या कमिट्या शहाण्या नव्हेत.

रंगकाम काढणार असाल तर आधी गळती बंद करा आणि आकडे कोरड्या भिंतीच्या जवळ येईपर्यंत रंगाऱ्याला थांबवा. गणपतीच्या आत उरकायच्या घाईत केलेला रंग दिवाळीला पोपडे धरतो. आणि जुना फ्लॅट विकत घेत असाल तर तो शक्यतो ऑगस्टमध्ये बघायला जा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, किंवा एकाच खोलीत नवं फॉल्स सीलिंग दिसलं, तर मीटर खिशातून काढा, मालकाची परवानगी घ्या, दलालाच्या देखत आकडे लिहा आणि टोकन त्यानंतरच द्या.