घरावरील सौर संच : खर्च आणि बचत

जळकोट (ता. तुळजापूर) भागात उन्हाला तोटा नाही, प्रश्न पैशाचा आहे. १ किलोवॅट संचापासून दिवसाला सरासरी ४, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार व तिसऱ्याला १८ हजार रुपये अनुदान ठरले. ते संच बसल्यावर खात्यात जमा होते, म्हणून आधी पूर्ण रकमेची तजवीज करावी.

समजा, किलोवॅटला ६० हजार खर्च आला. महिन्याला २४० युनिट वापरणाऱ्याने २ किलोवॅट बसविल्यास घरचे ६० हजार जातात. युनिटमागे ८ रुपये वाचले तर ते अडीच-पावणेतीन वर्षांत फिटतात. मात्र ६० युनिट वापरणाऱ्याचे ५ रुपयांप्रमाणे महिना ३०० रुपयेच वाचतात. १ किलोवॅटचे घरचे ३० हजार निघायला आठ वर्षांवर काळ लागतो. अशांनी कर्ज काढून घाई करू नये. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

बॅटरीविना संच गावची वीज जाताच बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्यास धक्का बसू नये म्हणून ही सोय असते. भारनियमनावर उपाय म्हणून तो घेऊ नये. जुन्या माळवदावर सांगाडा उभारण्यापूर्वी तुळया जाणकाराकडून तपासून घ्याव्यात.